नाकतोडा झाला, मुंग्या बाकी

४ ऑक्टोबर, सकाळ

सरांचा फोन. म्हणाले, कानसेन, एक काम करशील का? मी म्हणालो, सर, तुमचं काम विचारायचं नसतं, सांगायचं असतं. मग त्यांनी सांगितलं. तरीही हो म्हणालो.

काम असं. सरांनी आणि बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तरुणपणी हातानं एकेक चित्र काढून नऊ मिनिटांचं कार्टून केलं होतं. नाकतोडा आणि मुंग्या. हा उन्हाळाभर गातो, त्या दाणे वाहतात, मग थंडी पडते, तीच गोष्ट. त्याचं रीळ वाचनालयाच्या माळ्यावर सापडलं. चित्र शाबूत, आवाजाची पट्टी बुरशीनं खाल्ली. बारा डिसेंबरला सर ऐंशीचे होतात. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवणार. आवाज नव्यानं मी घालायचा.

चित्रातल्या माणसाला पाऊल, दाराला करकर आणि म्हाताऱ्याला खोकला पुरवणं हा माझा धंदा. तो सरांनीच लावून दिला. मी त्यांच्याकडे रिळांचे डबे उचलायला होतो. बंद डबा नुसता हलवून आत काय आहे ते सांगायचो. सर म्हणाले, तानसेन होणं तुझ्या नशिबात नाही, गळा फाटका आहे, तू कानसेन हो. झालो. शाळा सातवीत सुटलेल्या माणसाचा आज स्वतःचा स्टुडिओ आहे. (मागची मोटार ठेवायची खोली. मोटार बाहेर असते.)

सरांना आता काहीच दिसत नाही. हसत म्हणाले, मला माझी फिल्म कानानं बघायची आहे, म्हणून चांगला कान शोधला.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथंच उभा होतो. पंधरा दिवसांत देतो म्हणालो आहे. दहा पुरेत. पाच आपले ऐटीचे.

५ ऑक्टोबर

आजपासून सहाला उठणार. सातला स्टुडिओ. फोन बंद. दुपारची झोप कायमची बंद.

आज साडेनऊला उठलो कारण निश्चय करण्यात रात्री डोळा लागला नाही.

स्टुडिओ झाडला. झाडताना लक्षात आलं की आरामखुर्ची करकरते. अशी खुर्ची असताना रेकॉर्डिंग कसं करणार? दुपारभर तिच्यावर बसून करकर नेमकी कुठून येते ते शोधलं. चार वाजता जाग आली तेव्हा खुर्ची गप्प होती.

८ ऑक्टोबर

फिल्म पाहिली. काय फिल्म आहे! नाकतोडा सरांनी काढलाय. लांब तंगड्या, डोक्यावर तिरकी टोपी, व्हायोलिन, आणि चेहऱ्यावर असा भाव की जग आपल्या मामाचं आहे. मुंग्या सगळ्या बाईंच्या. शेकड्यांनी आहेत, पण एक दुसरीसारखी नाही. एक लंगडते. एक सारखी मागे वळून बघते. एक दाणा टाकून दुसरीच्या मदतीला धावते आणि मग स्वतःचा दाणा शोधत बसते.

शेवट तर भारीच. बर्फात नाकतोडा मुंग्यांचं दार ठोठावतो. सगळ्यांना वाटतं, आता त्या हाकलणार. पण दार उघडतं, सगळ्या बाहेर येतात आणि त्याला ओढून आत घेतात.

पाहताना एक विचार आला. जगात दोनच प्रकारची माणसं. आमच्या शेजारचा झेरॉक्सवाला बघा, भर दुपारी काउंटरवर डोकं ठेवून घोरतो. शुद्ध नाकतोडा. आणि आपण? डबे उचलण्यापासून सुरुवात केली. मुंगीच. बायकोला हे सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, मग मुंगीनं तेवढा पंख्याचा स्विच दुरुस्त करावा, महिना झाला.

काही लोकांशी विचारांच्या पातळीवर बोलताच येत नाही.

९ ऑक्टोबर

कानांना विश्रांती.

१० ऑक्टोबर

विश्रांती चालू.

१४ ऑक्टोबर

सुरुवात! आमच्याकडे एकेका पात्राचा आवाज वेगळा घेतात. आधी एकाचा, सगळ्या फिल्मभर. मग दुसऱ्याचा. कुणापासून सुरू करायचं हा प्रश्नच नव्हता. सरांचा वाढदिवस, सरांचा नाकतोडा. शिवाय तो एकटा आहे. मुंग्या शेकडो. सोपं आधी उरकलं की अवघड आपोआप सोपं होतं.

त्याच्या तंगड्यांसाठी बायकोच्या जुन्या छत्रीच्या काड्या. उडीला चामड्याचा पट्टा. दिवसभर नाचलो. घामाघूम. इतकं सुख वर्षात झालं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

जांभया घेतल्या. नाकतोडा फिल्मभर जांभया देतो आणि प्रत्येक वेगळी. जांभईत मला तोड नाही, हे मी नाही, धंदा म्हणतो.

१७ ऑक्टोबर

आज चमत्कार. नाकतोडा झाडाखाली झोपतो तो भाग. घोरण्याचा नमुना घ्यावा म्हणून माइक तोंडाशी लावून आरामखुर्चीत पडलो. उठलो तेव्हा दिवेलागणीची वेळ. माइक चालूच होता. ऐकलं. अस्सल! मध्ये एक शिट्टी आहे, मग तोंडातल्या तोंडात एक शब्द, मग पुन्हा घरघर. असा आवाज ठरवून काढता येत नाही.

बायकोनं विचारलं, आज काय केलंत? म्हणालो, दिवसभर रेकॉर्डिंग. खोटं एक अक्षर नाही.

१९ ऑक्टोबर

पंधरा दिवस आज झाले. सरांना फोन करून सांगणार होतो की थोडं मागे-पुढे होईल. पण आपणहून फोन केला तर त्यांना उगाच काळजी लागेल. केला नाही.

२३ ऑक्टोबर

नाकतोडा पूर्ण! शेवटची थाप, दारावरची, आज घेतली. थंडीनं बोटं आखडलेल्या माणसाची थाप कशी असेल? डाव्या हाताच्या उलट्या बोटांनी, ओल्या फळीवर. तीन वेळा. पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

दार उघडण्याचा आवाज घेतला नाही. दार मुंग्यांचं. ते मुंग्यांच्या वेळी.

निम्मं काम झालं. चार दिवस सुट्टी. कमावलेली.

२९ ऑक्टोबर

मुंग्यांचा आराखडा. तांदूळ पेपरवर सांडून सर्रकन काम उरकणारे आहेत आपल्याकडे. मी त्यातला नाही. बाईंनी एकेक मुंगी वेगळी काढली, तर मी प्रत्येकीला वेगळं पाऊल देणार. लंगडीला लंगडं, म्हातारीला म्हातारं. असं आजवर कुणी केलेलं नाही. (का केलं नसेल, हा विचार आज करायचा नाही.)

बायको म्हणाली, आधी चार मुंग्या तरी चालवून दाखवा. शितावरून भाताची परीक्षा करणारी जात.

२ नोव्हेंबर

अभ्यासाशिवाय कला नाही. स्टुडिओच्या उंबऱ्यापाशी साखर ठेवली. तासाभरात मुंग्या आल्या. भिंग घेऊन पालथा पडून पाहिलं. काय शिस्त! मी सकाळपासून पाहतोय, एकही क्षणभर टेकली नाही. फार दमायला झालं.

४ नोव्हेंबर

मुंग्या स्टुडिओतून स्वयंपाकघरात, तिथून साखरेच्या डब्यात, तिथून बायकोच्या पर्समध्ये. आज शाळेत तिनं पर्स उघडली तेव्हा वर्गात गोंधळ. घरी आल्यावर तिनं खराटा काढला. मी आडवा आलो. म्हणालो, हे माझे कलाकार आहेत. ती म्हणाली, कलाकार असतील तर तुमच्या आधी काम संपवून गेले असते.

दुपारी बाईंचा फोन. सर रोज विचारतात, म्हणाल्या. काय सांगू? मी म्हणालो, बाई, मुंग्या जोरात चालू आहेत. खरंच होत्या, ओट्यावर. फोन ठेवल्यावर मात्र उगाच दोन ग्लास पाणी प्यायलो.

१३ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहावं की नाही? लिहितो, ही डायरी कुणी वाचणार नाही.

रस्त्यात समोरून बाई येताना दिसल्या. हातात भाजीची पिशवी, तोच जुना झपाझप चालण्याचा ढंग. पाय आपोआप वळले आणि मी रंगाच्या दुकानात, डब्यांच्या रांगेमागे. का? कामात असलेल्या माणसानं रस्त्यात गप्पा मारू नयेत म्हणून. दुकानदार विचारतो, कुठला रंग हवा? मी हातानंच गप्प म्हणतोय.

बाहेरून बाईंचा आवाज: ये बाहेर. बूट दिसतायत तुझे.

आलो. कान गरम. म्हणालो, बाई, स्टुडिओला रंग द्यायचाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निम्मा झालो. मग म्हणाल्या, हे बघ, माझ्या मुंग्यांना आवाज असल्या-नसल्यानं माझं काही अडत नाही, मला दिसतंय. पण ह्यांनी ठरवलंय की त्या दिवशी त्यांना फिल्म दिसणार. सकाळी उठून विचारतात, किती दिवस राहिले. लहान मुलासारखं.

मी म्हणालो, बाई, शब्द आहे माझा. दुकानदारासमोर लाज नको म्हणून परत आत जाऊन पिवळ्या रंगाचा डबा घेतला.

१४ नोव्हेंबर

आता मुंग्याच. दुसरं काही नाही.

१५ नोव्हेंबर

पिवळा रंग घरात पडून सुकेल म्हणून आधी स्टुडिओची एक भिंत रंगवून घेतली.

१८ नोव्हेंबर

रंगाच्या वासानं सर्दी. कान बंद. कान बंद असताना या धंद्यात काम करणं म्हणजे पाप. पडून राहिलो.

२७ नोव्हेंबर

कान उघडला. वाचनालयाच्या सेक्रेटरीचा फोन. हा इसम सगळ्या वाक्यांच्या शेवटी 'बरोबर ना?' म्हणतो. फाइल आठ तारखेला मिळेल, बरोबर ना? मी म्हणालो, अकराला. तो म्हणाला, मुंग्या झाल्या, बरोबर ना? मी म्हणालो, पायाला आल्यात. नुसता उशीर नव्हे, फालतू विनोदसुद्धा करू लागलो आहे.

६ डिसेंबर

पहिला प्रयत्न. तांदूळ, पेपरवर. पाऊस वाटतो. मोहरी, पुठ्ठ्यावर. दुरून येणारा पाऊस वाटतो. नखं, लाकडावर. पावसात कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं.

मायक्रोफोनच नीट नाही. कुठल्यातरी स्वस्त धातूचा. नवा असता तर गोष्ट वेगळी.

बायकोनं दारातून ऐकलं. म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मग आत आली, खुर्ची ओढून बसली, म्हणाली, मी मदत करू का? दोघं मिळून निदान सरळ साधी पावलं तरी टाकू. साधी म्हणजे तांदळाची? मी म्हणालो, तडजोड माझ्या स्वभावात नाही. ती उठून गेली. ती उठून गेल्यावर स्वभावात आणखी काय काय नाही याची आठवण येऊ लागली म्हणून रेडिओ लावला.

१० डिसेंबर

वेगळी पावलं जमणार नाहीत. आता साधी टाकायलाही वेळ नाही.

पण एक गोष्ट ध्यानात आली. मुंगी चालते तेव्हा आवाज कुठे होतो? मी मागे भिंग घेऊन पालथा पडलो होतो, एवढा तिखट कान, काही ऐकू आलं का? नाही. मग मुंग्यांना आवाज देणं हाच खोटेपणा. नाकतोडा वाजतो, मुंग्या गप्प. कामाचा गाजावाजा नसतो. किती खोल अर्थ! शांतता हासुद्धा आवाजच आहे. हे मला आधीच सुचायला हवं होतं, दोन महिने वाचले असते.

११ डिसेंबर

फाइल दिली. सेक्रेटरीनं तिथंच लावून पाहिली. म्हणाला, मुंग्यांना आवाज नाहीये, बरोबर ना? मी त्याला खोल अर्थ सांगितला. तो डोकं खाजवत म्हणाला, वा.

बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत राहिली. ती टोमणा मारत नाही तेव्हा मला बसायला जागा सापडत नाही.

१२ डिसेंबर

आज लिहीत नाही.

१३ डिसेंबर

हॉल भरला होता. सरांना पहिल्या रांगेत बसवलं. नवा सदरा, दाढी केलेली, हात मांडीवर, मान जरा वर. गाडीची वाट बघणारा माणूस बसतो तसे. शेजारी बाई. मी मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत, सरांचा चेहरा जवळून बघावा म्हणून.

दिवे गेले. नाकतोडा आला. व्हायोलिन, तंगड्या, उडी. सर खुदकन हसले. जांभईला मोठ्यानं हसले. माझी छाती फुगली.

मग मुंग्या आल्या.

पडद्यावर बाईंच्या शेकडो मुंग्या चालल्या होत्या आणि हॉलमध्ये काही नव्हतं. पंख्याचा आवाज. कुणाची तरी खुर्ची. पाच-दहा सेकंद गेली असतील. सर बाईंकडे वळले आणि हळूच विचारलं, बंद पडली का गं?

माझे कान तिखट आहेत. मला हे ऐकू यायला नको होतं.

बाई म्हणाल्या, नाही हो, चालू आहे. सर म्हणाले, मग मुंग्या कुठायत? तुझ्या मुंग्या आल्या नाहीत?

दोन महिन्यांत मी इतकी उत्तरं तयार केली होती. खोल अर्थ तर कुठे गेला कोण जाणे.

बाई त्यांच्या कानाशी झुकल्या. म्हणाल्या, आल्यात. डावीकडून आल्यात, उतरणीवरून. पुढे ती ठमी, मोठा दाणा घेऊन. लंगडी मागे राहिली. आता थांबली. आता बघा, मागची धावली तिच्याकडे.

सर म्हणाले, हां.

मागून कुणीतरी शू केलं. बाई न वळता म्हणाल्या, तुला दिसतंय ना बाबा? मग बघ. पुन्हा कुणी शू केलं नाही. उलट मागचे लोक पुढे झुकले. पुढची आठ मिनिटं सगळा हॉल बाईंचं कुजबुजणं ऐकत होता. मी केलेला नाकतोडा मध्ये मध्ये वाजत होता, लग्नात भलत्याच कुणाचा बँड घुसावा तसा.

मग थाप. माझी थाप. तीन वेळा, ओल्या फळीवर. आणि त्यानंतर काहीच नाही.

ज्याला दिसतं त्याच्यासाठी दार उघडलं होतं. सरांसाठी नाही. थंडीत एक जण दार ठोठावतो आणि कुणीही उघडत नाही, एवढीच फिल्म मी त्यांना दिली होती. सरांचा चेहरा मी पाहिला. तोच बघायला मागे बसलो होतो ना.

बाई घाईनं म्हणाल्या, उघडलं. अहो, उघडलं दार. सगळ्या बाहेर आल्यात. धरलं त्याला. घेतला आत.

सर म्हणाले, लंगडीपण आली?

तीच सगळ्यात पुढे, बाई म्हणाल्या.

दिवे लागले. टाळ्या. दोन-तीन जणांनी येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाले, ती शांतता ठेवण्याची कल्पना कुणाची? बाईंनी सांगायचं हे आधीच ठरलं होतं का? विलक्षण.

मी मान हलवली. नाही अशी हलवायची होती. कशी हलली ते आता नक्की सांगता येत नाही.

१४ डिसेंबर

सरांचा फोन. उचलायचा नव्हता, बायकोनं उचलून माझ्या कानाला लावला. सर म्हणाले, नाकतोडा फार झकास झाला रे. तुझ्याइतका दुसऱ्या कुणाला जमला नसता.

ते खरंच कौतुक करत होते. सरांना टोमणा येत नाही. म्हणूनच जास्त लागलं.

१५ डिसेंबर

सहाला उठलो. मुंग्या.

१८ डिसेंबर

तांदूळ. साधी पावलं. बायको शाळेतून आली की पुठ्ठा धरते. एकमेकांशी बोलत नाही, माइक चालू असतो.

२२ डिसेंबर

लंगडी झाली. बायकोनं केली, एका सुईनं आणि एका बटणानं. माझ्या काय डोक्यात येणार होतं!

३० डिसेंबर

दार. आमच्याच मागच्या खोलीचं. तेल न घातलेलं बरं झालं.

३ जानेवारी

पूर्ण. बैल गेला आणि झोपा केला, हे कळतंय. तरी केला. बायकोनं सगळं एकदा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, दिसतात.

आयुष्यात इतकं चांगलं काम केलेलं नाही. हे मी या डायरीत आधी बऱ्याच वेळा लिहिलं असेल, पण या वेळी बायकोनं म्हटलंय.

७ जानेवारी

आज सरांकडे घेऊन गेलो. छोटा पडदा आणि दोन मोठे स्पीकर नेले, स्पीकर दोन्ही बाजूंना ठेवले, म्हणजे डावीकडच्या मुंग्या खरंच डावीकडून येतील. सर खुर्चीत, बाई शेजारी स्टुलावर. वाटेत भाषण जुळवलं होतं, माफीचं. सर म्हणाले, ते नंतर, आधी लाव.

लावली. उतरणीवरून आल्या. शेकडो. लंगडी मागे. सरांची मान वर झाली. म्हणाले, अरे वा. अगं, ऐकलंस? मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, छान चालवल्यास रे. मनापासून म्हणाल्या.

मग सर चुळबुळले. हात स्टुलाकडे गेला, बाईंचा हात सापडला, तिथंच थांबला. म्हणाले, कानसेन, जरा बारीक करतोस का?

केला.

अजून थोडा.

केला. म्हटलं, वयानं कानाला जोर सोसत नसेल.

सर अगदी संकोचून म्हणाले, राग मानू नकोस, बंदच कर. हिचं ऐकू येत नाही.

आवाज बंद केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि सरांच्या कानाशी झुकून पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी खाली बसून स्पीकरच्या वायरी गुंडाळल्या, आवाज न करता.